जुना ॲम्प: कुरिअरनं मागवावा की जाऊन आणावा?

कोल्हापुरात बसून जुना, चांगला ॲम्प, म्हणजे स्पीकरला आवाज पुरवणारा ॲम्प्लिफायर, किंवा रेकॉर्ड वाजवायचा टर्नटेबल शोधायचा तर दोन रस्ते आहेत. दिल्ली-बंगळुरूच्या माणसाला आधी पैसे पाठवून कुरिअरची वाट बघायची, नाहीतर सांगली, इचलकरंजी, बेळगाव, फार तर पुण्यापर्यंत जाऊन, ऐकून, तिथंच पैसे द्यायचे. मी दोन्ही केलंय.

कुरिअरच्या बाजूनं सांगण्यासारखं बरंच आहे. आपल्या टप्प्यात नॅड किंवा मराँट्झ कंपनीचा एखादा जुना ॲम्प निघायची महिनोन् महिने वाट बघावी लागते, तिकडं निवडायला भरपूर मिळतं. आणि सगळेच लबाड नसतात. माझ्या टर्नटेबलची कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला छोटा भाग, चेन्नईहून आली ती सुईला टोपी लावून, डब्यात डबा घालून. दोन हजारांपर्यंतची हलकी वस्तू मी आजही मागवीन.

ॲम्पच्या वेळी मात्र फसलो. फोटो सुरेख, किंमत बरीच कमी, विकणारा म्हणे फौजेत, बदली झाली म्हणून विकतोय. न मागता ओळखपत्राचा फोटोही पाठवला. आपल्या जिल्ह्यात गावोगाव फौजी, त्यामुळं त्या शब्दावर आपला पटकन विश्वास बसतो. टोकनचे तीन हजार पाठवताना पडद्यावर नाव भलतंच आलं. विचारलं तर, "मेव्हण्याचं खातं आहे, सर." मी पाठवले. संध्याकाळी पॅकिंगच्या विम्याचे साडेचार हजार मागितले, "रिफंडेबल". नको म्हटल्यावर टोकन परत करतो म्हणून क्यूआर आला : स्कॅन करा, पिन टाका. तिथं मी थांबलो. पैसे यायला पिन लागतच नाही, पिन टाकला की पैसे जातात. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण ते तीन हजार गेले ते गेलेच. माझ्यासारखं दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नका, त्या नंबरला लगेच फोन केला तर रक्कम पुढं सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते.

पैशांपेक्षा मला जास्त त्रास त्या नावानं दिला. त्यानंतर दूरच्या ज्याच्याशी बोललो त्याचं खातं बायकोचं नाहीतर मुलाचं. त्यातले बहुतेक खरेच असतील. पण लांबून ते कळणार कसं? आणि भल्या माणसाला पुन्हा पुन्हा विचारायचं तर त्याचाही अपमान होतो. मला हे झेपेना.

तरी मागवायचंच असेल तर व्हिडिओ कॉलवर ॲम्पवर एक वाटी उपडी ठेवायला सांगा, मागचा सीरियल नंबर दाखवायला सांगा, गाणं लावून बॅलन्स पूर्ण डावीकडं फिरवायला सांगा. खरा माणूस सहसा करतो. खोट्याचं नेटवर्क नेमकं तेव्हाच जातं. वस्तू आल्यावर पैसे देण्यावरही फार विसंबू नये, कारण खोकं बहुधा पैसे दिल्यावरच उघडायला मिळतं. त्या गावात मित्र असेल तर त्याला पाठवणं सगळ्यात बरं.

शेवटी ॲम्प इचलकरंजीत मिळाला, चार महिन्यांनी आणि दीड हजार जास्त देऊन. अर्धा तास तापू दिला. गाणं बंद करून स्पीकरला कान लावला, गुणगुण नव्हती. व्हॉल्यूमचा नॉब सावकाश फिरवताना मध्ये थोडी खरखर आली, ती मालकांनी आधीच सांगितली होती. नॉब साफ केल्यावर गेलीही.

पैसे पाठवायला फोन काढला तर नाव पुन्हा वेगळंच, बाईचं. मी जरा थबकलो. मालक म्हणाले, "घरच्यांचं खातं आहे, पाठवा." पाठवले, आणि आत स्वयंपाकघरात फोन वाजला. "आले हो!" वहिनींनी आतूनच सांगितलं. चहा घेऊन निघालो, एसटीत ॲम्प मांडीवर होता.