फाशी की मरेपर्यंत जन्मठेप?

खानापूरच्या भाचीला वादविवाद स्पर्धेसाठी बाजू ठरवता येईना.

निकाल चुकला तर कैद्याला सोडता येतं. फासावर गेलेल्याला नाही. माझ्यासाठी वाद इथंच निम्मा संपतो. फाशीनं प्रकरण लवकर मिटतं म्हणतात, तेही खोटं. बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या तुरुंगातल्या, चंदनतस्कर वीरप्पनच्या चार साथीदारांना सुप्रीम कोर्टानं २००४ मध्ये फाशी ठोठावली. दयेच्या अर्जाला फार उशीर झाला म्हणून २०१४ मध्ये तिची जन्मठेप झाली. दहा वर्षं टांगती तलवार, आणि पीडितांच्या घरच्यांनाही हेलपाटे.

‘जन्मठेपेचा कैदी चौदा वर्षांत सुटेल’ ही धास्ती मात्र खरी. त्यावर सुप्रीम कोर्टाच्या २००८ च्या निकालापासून शिक्षेत सूट न देता मरेपर्यंत जन्मठेपेचा मार्ग आहे; तो निकालही कर्नाटकातल्याच खटल्यातला.

खुनाची परतफेड हाच न्याय वाटत असेल, तर फाशीची बाजू घे. गुन्हेगार कायमचा आत राहावा एवढंच हवं असेल, तर जन्मठेप पुरते.