हंगामभर वापरलेली पंख्याची एअरबॅग सॅक: स्नोमोबाइलवर कितपत उपयोगी?

हिमस्खलनात हँडल ओढलं की ही सॅक पंख्याने पिशवी फुगवते आणि माणसाला बर्फाच्या वर ठेवायला मदत करते. उभ्या उताराच्या अरुंद घळींमध्ये अख्खा हिवाळा ती पाठीवर राहिली. घेण्यासारखी आहे, पण स्कीवाल्यांनी दिलेल्या अभिप्रायांवर जाऊन घेऊ नये. स्नोमोबाइलवर, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीवर, गरजा वेगळ्या असतात.

सगळ्यात आधी सॅकचं ओढायचं हँडल बघा. स्नोमोबाइलचा थ्रॉटल, म्हणजे गॅस देण्याचा खटका, उजव्या अंगठ्याशी असतो आणि उतारावरचा बर्फ सुटला की पहिला प्रयत्न कडेला निसटण्याचाच होतो, म्हणजे गॅस सोडून चालत नाही. म्हणून हँडल उजव्या पट्ट्यावर हवं, डाव्या हाताने ओढता येईल असं. ज्या सॅकमध्ये बाजू बदलता येत नाही, ती आम्ही घेणार नाही. दुकानात नुसती पाठीवर टाकून कळत नाही. हेल्मेट, छातीचं कवच आणि जाड हातमोजे घालून, गाडीवर उभं राहून हँडल न बघता सापडतं का ते तपासा. कवचाच्या कडेखाली ते सहज दडतं. मांडीतला पट्टा रोज लावायचा. तो नसेल तर वाहत्या बर्फात फुगलेली पिशवी अख्खी सॅक डोक्यावरून ओढून नेऊ शकते.

पिशवी फुगवायला दाबाखालच्या वायूच्या सिलिंडरपेक्षा पंखा आम्हाला आवडला तो सरावामुळे. सिलिंडर एकदा उडवला की पुन्हा भरून आणावा लागतो, त्यामुळे लोक ओढून बघायचं टाळतात. पंखा वाटेल तेव्हा ओढा, घडी घाला, चार्ज करा. या सॅकमध्ये वीज साठवायला बॅटरीऐवजी कपॅसिटर आहेत. कडाक्याच्या थंडीत ते बॅटरीइतके मलूल होत नाहीत.

खरा त्रास बर्फाच्या भुकटीचा. पुढच्या गाडीच्या ट्रॅकने, म्हणजे खालच्या फिरत्या पट्ट्याने, उडवलेला बर्फ सॅकच्या चेनमध्ये शिरतो, अंगाच्या उबेने वितळतो आणि थांबलं की गोठतो. पिशवी जिथून बाहेर येते ती शिवणच चिकटली तर पंखा फिरूनही उपयोग नाही. दर थांब्याला शिवण आणि पंख्याची जाळी ब्रशने झाडायची, रात्री सॅक उघडून वाळवायची.

आता घळीचं. डब्यातली वाळू-खडी हलवली की खडी वर येते. एअरबॅग त्याच तत्त्वावर माणसाला वर ठेवते. पण त्यासाठी बर्फ काही अंतर वाहावा लागतो. घळीत तो तळाशी आपटून थांबतो आणि मागून येणारा लोट वर चढतो, म्हणून छोटं स्खलनही खोल गाडतं. अशा जागी आम्ही सॅक हिशेबातच धरत नाही. 30 अंशांच्या पुढच्या उतारावर एका वेळी एकच गाडी, आणि वर कुणी अडकला तरी दुसऱ्याने तिथे चढायचं नाही. खाली थांबणाऱ्यांनी स्खलनाच्या वाटेबाहेर, गाड्यांची तोंडं निसटायच्या दिशेला करून उभं राहायचं.

सॅकमधली इलेक्ट्रॉनिक्स बीकनच्या (पुरलेल्या माणसाला शोधायला अंगावर लावायचं रेडिओ यंत्र) 457 किलोहर्ट्झच्या सिग्नलमध्ये खरखर आणू शकते. बीकन सॅक आणि फोनपासून किमान 20 सेंटिमीटर लांब, शोधताना 50. शोध सुरू करण्याआधी सगळी इंजिनं बंद.

फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) याच सॅकमध्ये ठेवा, गाडीवरच्या बॅगेत नको. स्खलनात गाडी आणि चालक वेगळे होतात, आणि पुरलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या दहा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. आत फावड्याचं पातं, दांडा, प्रोब आणि पाणी एवढंच नीट मावतं. गाडीच्या इंजिनाचा जादा ड्राइव्ह बेल्ट मात्र खुशाल गाडीवर राहू दे.