अभ्रकाची शीट, मोटर आणि दाराचे स्विच : मायक्रोवेव्ह घरी दुरुस्त केला त्याला दहा महिने झाले

आमचा मायक्रोवेव्ह २० लिटरचा, साधा, ग्रिल-कन्व्हेक्शन नसलेला. २०१३ च्या दसऱ्याला घेतला. गेल्या ऑक्टोबरमध्ये चिवड्याचे पातळ पोहे कोरडे करायला आत ठेवले आणि उजव्या भिंतीवर चटचट आवाज करत ठिणग्या उडायला लागल्या. लगेच बंद केला. काचेची थाळी त्याआधी महिनाभर अडखळत होतीच, त्या आठवड्यात ती फिरायचीच थांबली.

व्हिजिट चार्ज घेऊन आलेल्या माणसाने झाकण न उघडता "मॅग्नेट्रॉन गेलाय" म्हणून सांगितलं आणि ५,२०० रुपयांचा आकडा लिहून दिला. मॅग्नेट्रॉन म्हणजे ज्या भागात लहरी तयार होतात तो. तो गेला असता तर पदार्थ गरमच झाला नसता, आणि माझे पोहे तर चांगले कडक झाले होते. तिथेच मी ठरवलं की आधी स्वतः नीट बघायचं.

ठिणग्या येत होत्या ती जागा म्हणजे उजव्या भिंतीवरचा पुठ्ठ्यासारखा दिसणारा चौकोन. तो पुठ्ठा नसतो, अभ्रक असतं. दुकानात मायका शीट म्हणून मागायचं. लहरी आत येतात त्या तोंडावर ती झाकण म्हणून बसवलेली असते. तिच्यातून लहरी आरपार जातात, पण आमटीचे, तुपाचे शिंतोडे तिच्यावरच अडतात. ते पुसले नाहीत तर तिथेच जळून कोळसा होतो आणि कोळशावर ठिणगी पडते. आमच्या शीटला रुपयाएवढं भोक पडलं होतं.

पुण्यात विजेच्या सामानाच्या तापकीर गल्लीत १२० रुपयांना मोठी शीट मिळाली. प्लग काढून ठेवला, जुनी शीट उचकटून नवीवर ठेवली, पेन्सिलीने आखली आणि साध्या कात्रीने कापली. अभ्रकाचे पापुद्रे सुटतात, त्यामुळे एका दमात कापायचं नाही. कात्री थोडी थोडी पुढे न्यायची आणि कोपरे नखाच्या कानशीने गोल करायचे. इथे माझी चूक झाली. जुनीच्या कडा जळून झिजलेल्या, मी त्याच मापाने आखली, म्हणून नवी शीट चारही बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर कमी भरली. बसली, चाललीही, पण वाफ आणि तेल मागे जात राहिलं. जानेवारीत ती खालच्या कडेला काळी पडली. दुसरी शीट कापताना माप जळक्या तुकड्यावरून न घेता भिंतीवरच्या खाचेवरून घेतलं, आणि आधी खाचेमागची काजळी ओल्या फडक्याने पूर्ण काढली. ती शीट आज सात महिने झाले तरी पहिल्या दिवशीसारखी आहे. ठिणग्यांनी भिंतीचा रंग उडून पत्रा उघडा पडला असेल तर तोही झाकावा लागतो, नाहीतर तिथून पुन्हा ठिणगी येते. मायक्रोवेव्हच्या आतल्या भागासाठीचा वेगळा रंग मिळतो, तोच लावा.

थाळी फिरवणाऱ्या मोटरचं काम शीटपेक्षा सोपं निघालं, फक्त मोटर निवडताना डोळ्यांत तेल घालून बघायला हवं. काचेची थाळी, खालचं चाकांचं कडं आणि मधला प्लॅस्टिकचा खुंटा काढला, मायक्रोवेव्ह पाठीवर झोपवला. तळाच्या पत्र्यातच मोटरखाली एक छोटं झाकण कापून ठेवलेलं असतं, चार-पाच बारीक दुव्यांनी अडकलेलं. कटर पक्कडीने ते दुवे तोडले की झाकण हातात येतं. काम झाल्यावर तेच झाकण उलटं फिरवून एका स्क्रूने बसवायचं, तशी सोय कंपनीनेच केलेली असते. म्हणजे हा भाग बदलावा लागेल हे बनवणाऱ्यांना पहिल्यापासून माहीत होतं! हे बघून मला फार बरं वाटलं.

मोटर दिसायला सगळ्या सारख्या, चपट्या डबीसारख्या. मी फोटो जुळवून ऑनलाइन मागवली ती २२०-२४० व्होल्टची निघाली. आमच्या जुन्या मोटरवर २१ व्होल्ट लिहिलेलं. तेवढ्या व्होल्टवर नवी मोटर हललीही नाही. उलटं झालं असतं, म्हणजे २१ ची मोटर २३० ला जोडली असती, तर ती जळालीच असती. म्हणून जुन्या मोटरवरचं लेबल आधी वाचा : व्होल्ट, मिनिटाला किती फेरे, आणि दांडी केवढी उंच. दांडी आखूड असेल तर काच कड्यावर नीट बसत नाही. दुसरी मोटर २८० रुपयांना आणली, ती अजून बिनआवाज चालते. थाळी कधी उजवीकडे फिरते, कधी डावीकडे. शेजारच्या वहिनींना तो बिघाड वाटला होता, पण या मोटरचं तसंच असतं, ज्या बाजूला सुरुवात मिळेल त्या बाजूला ती फिरते.

इथपर्यंत बाहेरचं मोठं झाकण उघडावं लागलं नव्हतं. डिसेंबरात ती वेळ आली. दार लावताना खट्ट आवाज झाला आणि सगळंच बंद, घड्याळसुद्धा दिसेना.

हे काम मी केलं नाही आणि कोणी घरी करावं असं मी म्हणणारही नाही. झाकणाखाली उच्च दाबाचा, म्हणजे जास्त व्होल्टचा, कपॅसिटर असतो, वीज साठवून ठेवणारा. मॅग्नेट्रॉनला चार हजारांच्या आसपास व्होल्ट पुरवणारी जी यंत्रणा असते, तिचाच तो भाग. प्लग काढल्यावरही त्याच्यात वीज साठून राहू शकते आणि तो धक्का जीव घेऊ शकतो. वीज जिरवणारा रोध (रेझिस्टर) बऱ्याच कपॅसिटरमध्ये आतच असतो, पण तोच निकामी झाला असेल तर बाहेरून कळत नाही. आमच्या आळीत जुने टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांना बोलावलं. त्यांनी आधी प्लग काढून स्वतःच्या खिशात ठेवला, मला आणि सासूबाईंना मागे व्हायला सांगितलं, झाकण उघडलं आणि दुसऱ्या कशालाही हात लावण्याआधी कपॅसिटर रिकामा केला. मग मीटरने पाहिला. चाळीस वर्षं हेच काम केलेला माणूस दरवेळी तेवढ्याच सावकाशीने हे करतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

फ्यूज उडाला होता. मला वाटलं फ्यूज बदलला की झालं. काका म्हणाले, "ताई, फ्यूज उगाच जात नाही, त्याला घालवणारा शोधू." दार अडकवणाऱ्या आकड्यांमागे तीन छोटे स्विच असतात. दोन स्विच दार लागल्यावर वीज पुढे सोडतात. तिसरा पहारेकरी : दार उघडं असताना पहिल्या दोघांनी वीज तोडली नाही, तर तो मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो, म्हणजे उघड्या दाराने मायक्रोवेव्ह कधीच चालू राहत नाही. आमचा एक स्विच आतून वितळून चिकटला होता. काकांनी तिन्ही बदलले, कारण शॉर्टचा प्रवाह पहारेकऱ्यामधूनही गेलेला असतो. प्रत्येकी ६० रुपये. फ्यूज जुन्याच अँपियरचा, ३० रुपये. पुन्हा पुन्हा फ्यूज जातो म्हणून हे स्विच 'डायरेक्ट' करून, म्हणजे वगळून तारा सरळ जोडून, देणारे लोक असतात. कृपा करून तसं कोणाला करू देऊ नका. घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही. उघड्या दारातून येणाऱ्या लहरी दिसत नाहीत, पण डोळ्यांना आणि हातांना भाजतात.

पॅनेलच्या मागे झुरळांची विष्ठा साचली होती, ती काकांनी ब्रशने झाडली. बटणं कधीकधी दोनदा दाबावी लागत, ते तेव्हापासून थांबलं.

गरम किती होतं हे मी मोजून बघते. रुंद काचेच्या भांड्यात एक लिटर साधं पाणी, पूर्ण पॉवरवर एक मिनिट, आधी आणि नंतर ढवळून तापमान घ्यायचं. जेवढे अंश वाढेल त्याला ७० ने गुणलं की साधारण वॅट मिळतात. आमच्या लेबलवर ७०० लिहिलंय. डिसेंबरात ९ अंश वाढलं, म्हणजे ६३०. ऑगस्टमध्ये, म्हणजे मागच्या रविवारी, पुन्हा ९. संध्याकाळी व्होल्टेज उतरलेलं असताना आकडा कमी येतो, म्हणून मी सकाळीच बघते.

एकूण खर्च : दोन शीट २४०, मोटर २८०, स्विच १८०, फ्यूज ३०, काकांचे ५००. १,२३० रुपये. परत केलेल्या मोटरचे पैसे मिळाले.

दहा महिन्यांत मी वापरात दोन गोष्टी बदलल्या. शेंगदाणे आणि पोहे भाजताना लहान खेपा करते, मधे दार उघडून थांबते, कारण आत पाण्याचा अंश कमी असला की लहरी पदार्थात न जिरता परत मॅग्नेट्रॉनकडे जातात. आणि आमटी झाकण ठेवल्याशिवाय गरम होत नाही, सासूबाईसुद्धा आता पहिलं झाकण शोधतात. रोज रात्री मामंजींचं दूध, सकाळी डब्याची भाजी, अधूनमधून पापड, एवढं काम तो विनातक्रार करतोय.

आतला दिवा मात्र जूनपासून बंद आहे. बल्ब मी आणून ठेवलाय, पण तो बदलायला पुन्हा तेच झाकण उघडावं लागतं, म्हणून हात लावलेला नाही. काका गणपतीला कोकणात जाऊन आले की बसवतील. उरलेल्या मायका शीटचा तळहाताएवढा तुकडा खणात आहे, तो परवा शेजारच्या वहिनींनी मागितलाय. त्यांच्याही भिंतीवर काळा ठिपका दिसायला लागलाय.