३५ वर्षांनी बॅचची स्मरणिका करून घेतली, ५ पैकी ४ स्टार

सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजची १९९० ची सिव्हिलची बॅच आमची. यंदा ३५ वर्षं झाली म्हणून गेट-टुगेदर ठरलं, आणि कुणीतरी ग्रुपवर टाकलं की नुसतं जेवून काय उठायचं, प्रत्येकाने एवढ्या वर्षांत काय केलं त्याचं पुस्तक काढू. काढू म्हणणारे चाळीस आणि काढणारा मी एकटा. शेवटी पुण्यात अशा स्मरणिका करून देणाऱ्या एक मॅडम आहेत त्यांना काम दिलं, मजकूर गोळा करण्यापासून छापून घरी पोचवण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे. नाव इथे टाकत नाही, खाली तक्रारी पण आहेत आणि उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. ज्यांना पाहिजे त्यांना पर्सनलवर देतो.

आधी पैशाचं. ६१ जणांचा मजकूर, १४८ पानं, ८० प्रती, एक प्रत ७४० रुपयांना पडली, कुरिअर वेगळं. महाग वाटलं हे खरं, पण एवढ्या कमी प्रतींना ऑफसेट परवडत नाही, डिजिटलच करावं लागतं, त्याचा रेट तसाच असतो. मी दोन प्रेसमध्ये विचारून आलो होतो, तिथे छपाई थोडी स्वस्त होती पण मजकूर तुम्हीच तयार आणून द्या म्हणाले, आणि खरी मारामारी तर तिथेच असते.

कारण काय होतं, ज्यांचं बरं चाललंय ते दोन पानं पाठवतात आणि ज्यांचं जेमतेम आहे ते फॉर्मच भरत नाहीत. आमचा एक जण पास होऊन लगेच कोकण रेल्वेत लागला, कॉर्पोरेशनच १९९० मध्ये निघालेलं, त्याने करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यावर एवढं लिहिलं की मॅडमना कात्री लावावी लागली. पाटबंधारेवाला १९९९ ला कोयनेच्या लेक टॅपिंगच्या (धरणाच्या तलावाला पाण्याखालून बोगदा जोडतात ते) वेळी तिथेच पोस्टिंगला होता, त्याचंही लांबलचक. (पुढच्या वर्षी ५८ पूर्ण, रिटायर होतोय, वेळच वेळ आहे.) वायटूकेच्या (२००० साली कॉम्प्युटरच्या तारखा चुकतील म्हणून झालेली धावपळ) टायमाला कोबॉल या जुन्या कॉम्प्युटर भाषेचा कोर्स करून न्यूजर्सीला गेलेले सिव्हिलवाले चार, ज्यांनी परत कधी सिमेंटला हात लावला नाही, त्यांचे मजकूर इतके सारखे की एकाचं पान दुसऱ्याला लावलं असतं तरी कळलं नसतं. आणि तासगावकडचा एक, नोकरी सोडून द्राक्षबाग करतो, त्याचं उत्तर काय तर "ठीक आहे, शेती." संपलं.

इथे मॅडमना मानलं. असे तुटक उत्तरवाले सतरा जण होते, त्या प्रत्येकाला त्यांनी स्वतः फोन केला, आणि पगार-पोस्ट विचारायच्या ऐवजी म्हणे काल दिवसभर काय केलंत ते सांगा. द्राक्षवाल्याने पाऊण तास सांगितलं, अवकाळीत बागेचा बेदाणा कसा केला, शेडचं स्ट्रक्चर स्वतः कसं डिझाइन केलं, वगैरे. आमच्या वर्गात मुली पाचच, त्यातल्या एकीने फॉर्मवर फक्त "गृहिणी" लिहिलेलं. फोनवर कळलं की नवऱ्याच्या कन्सल्टन्सीत २२ वर्षं स्टील डिटेलिंग (बांधकामातल्या स्टीलची तपशीलवार ड्रॉइंग) हीच करतेय, सही मात्र त्याची. मॅडमनी हेडिंग बदलू का विचारलं तर नको म्हणाली, गृहिणीच राहू दे, खाली सगळं लिहा. तसंच छापलंय. गेट-टुगेदरला सगळे तेच पान उघडून बसलेले आणि नवरा शेजारीच भडंग खात होता.

मुलींची नावं जुन्या आडनावाने टाकायची का नवीन, हे पण त्यांनी आधीच एकेकीला विचारून घेतलं, मला तर सुचलंच नसतं. आमच्यातले पाच जण आता नाहीत, त्यांच्या घरच्यांशी बोलून एकेक पान केलं, तिथे डिझाइन एकदम साधं ठेवलं, हारबीर काही नाही. बरं झालं.

आता तक्रारी. एक, फॉन्ट ९ पॉइंट! अहो आम्ही सगळे छप्पन-सत्तावन्नचे, त्यात चकचकीत आर्ट पेपर, ट्यूबखाली धरलं की अक्षराऐवजी ट्यूबच दिसते. मॅट पेपर आणि १२ पॉइंट मागून घ्या. दोन, काही जणांनी श्रीलिपी या जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून पाठवलेलं, ते युनिकोडमध्ये बदलताना "कऱ्हाड" सगळीकडे फुटलं, मी प्रुफात अकरा ठिकाणी धरलं तरी दोन राहिलेच. तीन, तीन आठवडे उशीर, प्रती कार्यक्रमाच्या आदल्या रात्री मिळाल्या, माझं बीपी वाढलं ते कुठल्या बिलात लावू.

फोटोंबद्दल मात्र त्यांना बोल लावणार नाही. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा सांगलीत राहणाऱ्यांचे अल्बम गेले ते गेलेच, होस्टेलचे फोटो बाहेरगावच्यांकडूनच आले. आणि ते पाठवताना व्हॉट्सअपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसते पाठवले की बारीक होतात आणि छापल्यावर भुतं दिसतात.

सगळ्यात मोठा घोळ, आमच्या बॅचला पाटील नऊ, त्यातल्या दोघांचे फोटो उलटसुलट झाले. मॅडमनी चूक कबूल केली, स्टिकर छापून स्वखर्चाने पाठवले, कालच आले. पण त्यातला एक पाटील म्हणतोय लावू नका, दुसऱ्याच्या फोटोत डोक्यावर केस आहेत.