सातव्या क्रमांकावर कोण: आफ्रिदी की रझाक?

पाकिस्तानचा सर्वकालीन वनडे संघ काढायला बसलं की इम्रान आणि वसीमवर कुणी वाद घालत नाही. गाडी अडते ती फलंदाजीतल्या सातव्या क्रमांकावर: अष्टपैलू शाहिद आफ्रिदी घ्यायचा की अब्दुल रझाक? मीही हा संघ कित्येकदा काढलाय आणि दर वेळी खाडाखोड याच जागी झालीय.

आफ्रिदीची बाजू मांडायला वकील लागत नाही. ३९५ बळी, आठ हजारांवर धावा, नैरोबीचं ३७ चेंडूंतलं शतक (बॅट सचिनची होती, हे कुणीतरी सांगतंच). २००५ साली कानपूरला त्याने ४५ चेंडूंत शतक ठोकलं, तेव्हा मी मधेच टीव्ही बंद करून भाजी आणायला गेलो होतो. आपलं काही खरं नाही, हे कळलंच होतं. गोलंदाज म्हणूनही तो रझाकपेक्षा उजवा, निदान मला तरी वाटतो. तो सपाट, जोरात येणारा लेगस्पिन मधल्या षटकांत फलंदाजाला उसंतच द्यायचा नाही.

मग अडलं कुठे? मोहालीत. २०११च्या विश्वचषकाची भारताविरुद्धची उपांत्य फेरी, पाठलाग २६१चा, कर्णधार स्वतः आफ्रिदी. हरभजनने चक्क फुलटॉस टाकला, याने तो आभाळात उडवला आणि खाली सेहवाग उभा. १९ धावा. आमच्या घरात जल्लोष झाला, मीही नाचलो. पण नाचता नाचता मनात आलं, हा माझ्या संघात असता तर मी काय केलं असतं? आता त्याची सगळी कारकीर्द काही त्या एका चेंडूत मावत नाही, कबूल. पण त्याची फलंदाजी पाहताना मी कधी निवांत चहा प्यायलो नाही, ना तो समोरच्या संघात असताना, ना मनातल्या मनात तो माझा असताना.

त्याच सामन्यात रझाक ३ धावांवर मुनाफकडून त्रिफळाचीत झाला, हेही लपवत नाही. पण याच मैदानावर २००५च्या कसोटीत त्याने आणि कामरान अकमलने १८४ धावांची भागी रचून हातातली कसोटी आपल्याकडून काढून घेतली होती. त्यात रझाकच्या ७१. खेळतोय तोच रझाक का, अशी शंका यावी इतका शांत. आणि अबू धाबी, ऑक्टोबर २०१०: दक्षिण आफ्रिकेविरुद्ध २८७चा पाठलाग, समोरून गडी जाताहेत आणि हा सोप्या एकेरी धावा नाकारत स्ट्राइक स्वतःकडे ठेवतोय. ७२ चेंडूंत नाबाद १०९, दहा षटकार, एक चेंडू राखून एका गड्याने विजय. तो डाव नंतर रेकॉर्डिंगवर, निकाल माहीत असताना पाहिला, तरी चहा गार झाला. पण इथे गार होण्याचं कारण वेगळं होतं.

ट्वेंटी-२०चा संघ काढत असाल तर बिनदिक्कत आफ्रिदी घ्या. लॉर्ड्सची २००९च्या ट्वेंटी-२० विश्वचषकाची अंतिम फेरी त्याच्या नाबाद ५४ धावांचीच. तीत रझाकचेही २० धावांत ३ बळी होते, पण ते फारसं कुणाला आठवत नाही.

वनडेत मात्र माझ्या कागदावर सध्या रझाक आहे. सेंच्युरियनला २००३च्या विश्वचषकात ३२ वर खेळणाऱ्या सचिनचा झेल त्यानेच सोडला होता. त्याचा या निवडीशी संबंध नाही, असं मी मित्रांना सांगतो.