वारसा लावायला सब-रजिस्ट्रारसमोर फोटो-अंगठा लागत नाही

माझ्या मावशीची बेळगाव जिल्ह्यातल्या (कर्नाटक) खानापूर तालुक्यातली जमीन ज्या पद्धतीने गेली, तसाच प्रकार आपल्या भागात आणखी कुणाच्या घरी घडू नये म्हणून लिहितोय.

काका वारले. मुलगा नाही, दोन मुली, दोघींची लग्नं झालेली. दिवसकार्य आटोपलं आणि मावशीचे दीर एका एजंटाला घेऊन आले. "वहिनी, वारसा लावायचाय, उताऱ्यावर तुमची नावं चढवायची. तालुक्याला येऊन सही करून जावा, पोरींनाबी बोलवा." सब-रजिस्ट्रार ऑफिसात तिघींचे फोटो निघाले, मशीनवर अंगठे घेतले. कागद सगळा कन्नडमध्ये. मावशीची शाळा मराठी. कन्नड तिला बाजारापुरतं बोलता येतं, वाचता येत नाही. एजंट पानं उलटत "इथं, आता इथं" म्हणत गेला. परतताना दिरांनी सगळ्यांना हॉटेलात जेवू घातलं.

पुढे सोसायटीच्या पीककर्जासाठी पहाणी उतारा (कर्नाटकातला सातबारा) काढला, तर त्यावर दिरांचं एकट्याचं नाव. दस्ताची नक्कल काढून कन्नड जाणणाऱ्या एका मास्तरांकडून वाचून घेतली. ते हक्कसोडपत्र निघालं. आमचा मोबदला रोखीने पोचला, आता या जमिनीत आमचा कसलाही हक्क नाही, असं त्यात मावशीच्या तोंडी घातलेलं. शेजारी तिचा फोटो, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. मास्तरांनी ती ओळ वाचली तशी ती एवढंच म्हणाली, "एक रुपया दिला नाही रे."

वारसा लावण्याचं काम नाडकचेरीत (तालुक्याखालचं महसूल कार्यालय) किंवा तहसीलदार कचेरीत होतं. मृत्यूचा दाखला, वंशावळ आणि अर्ज लागतो. त्यासाठी सब-रजिस्ट्रारसमोर उभं राहावं लागत नाही. तिथं कुणी नेत असेल तर तो खरेदी, बक्षीसपत्र, वाटणी, हक्कसोड, वटमुखत्यारपत्र असाच काहीतरी दस्त असणार. तो आपल्या विश्वासातल्या माणसाकडून अक्षरन् अक्षर वाचून घेतल्याशिवाय सही करू नका, मग समोर सख्खा भाऊ का असेना. घरातल्या हक्कसोडीला मुद्रांक शुल्क नाममात्र असतं, त्यामुळे खर्चावरूनही संशय येत नाही.

"लग्न झालेल्या पोरींचा काय हक्क?" हे आपल्याकडे अजून सर्रास ऐकू येतं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासून बायको आणि मुलगी दोघीही पहिल्या वर्गातल्या, म्हणजे सगळ्यात आधी हक्क पोचणाऱ्या, वारस आहेत, मग मुलीचं लग्न झालेलं असो वा नसो.

काका "घरच्यांत कशाला कागद" म्हणायचे, म्हणून मृत्युपत्र राहून गेलं. मृत्युपत्राला साधा कागद पुरतो, ते मराठीत चालतं, मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदार हवेत. रजिस्टर करण्याची सक्ती नाही, तरी कराच. आणि कुणाला काय दिलंय हे बायकोमुलींना तोंडीही सांगून ठेवा. जिवंतपणी सगळं बक्षीसपत्राने देऊन टाकण्याची घाई मात्र नको. मृत्युपत्र हयातीत कितीदाही बदलता येतं, बक्षीसपत्र मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही.

मावशीने दिवाणी कोर्टात दस्त रद्द करण्याचा दावा लावलाय. फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत तो लावावा लागतो. म्हणून फसवणूक कधी कळली ते दाखवायला नक्कल घेतल्याची पावती जपून ठेवा. वकिलांनी आमच्याकडे पहिली तीच मागितली.