अकरा महिने व्हॅनमध्ये: गाडीने साथ दिली, घराने रडवलं

गेल्या ऑक्टोबरात सांगलीहून निघालो आणि ऑगस्टच्या शेवटी परत आलो. मी आणि नवरा, दोघंच. कोकण, गोवा, कच्छ, राजस्थान, हिमाचल, लडाख आणि घर. मीटरवर २६,४०० किलोमीटर पडले. गाडी २०१८ सालची डिझेल व्हॅन, आधी शाळेची मुलं वाहायची. आतलं घर एका वर्कशॉपकडून करून घेतलं. नाव लिहीत नाही, कारण सुतारकाम सुरेख होतं. फक्त बाकी सगळं त्यांनी व्हॅनऐवजी फ्लॅट समजून केलं होतं.

निकाल आधीच सांगते. गाडीला पाचपैकी साडेचार, घराला अडीच. इंजिनाकडचं काही बिघडलं की जवळच्या गावात कुणी ना कुणी फिटर भेटतोच, आणि नुसता आवाज ऐकून त्याला अर्धं कळलेलं असतं. आतला पंप, हीटर, लिथियम बॅटरी बिघडली की तोच माणूस दारातून डोकावतो, "वा, मस्त बनवलंय!" म्हणतो आणि चहा मागवतो.

पहिला दणका आठवड्याच्या आत, गुहागरला. परतीचा पाऊस आणि छतातला पंखा गळायला लागला, तोही नेमका माझ्या उशीवर. पंख्याच्या कडेने बाथरूमच्या टाइल्सना लावतात ते सिलिकॉन भरलं होतं. छताचा पत्रा दिवसा तापून पसरतो, रात्री आकसतो, वर रस्त्याचे हादरे. सिलिकॉन कडेने सुटत जातं. आणि एकदा का त्याचा थर पत्र्यावर राहिला की त्यावर दुसरं काही धड चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा. दोन दिवस पातेलं लावून झोपलो. शेवटी रत्नागिरीत गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या एकाने तोडगा काढला. विंडस्क्रीन चिकटवायला ते जे काळं पॉलियुरेथेन वापरतात, तेच. जुनं सिलिकॉन ब्लेडने खरवडून काढायला मला चार तास लागले, ट्यूब मारायला त्याला दहा मिनिटं. त्यानंतर थेंब आलेला नाही, हिमाचलच्या जुलैतसुद्धा.

फ्रीजची कटकट जास्त दिवस चालली. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रीज, रात्री दोन-तीनदा बंद पडायचा आणि सकाळी दूध नासलेलं. नवऱ्याचं ठाम मत, फ्रीजच खराब. कंपनीच्या फोनवरचंही तेच मत, आणून द्या म्हणाले. गोव्यात एका दुपारी मी मल्टिमीटर घेऊन बसले. बॅटरीच्या टोकांवर १२.९ व्होल्ट. फ्रीजच्या मागे, कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी, ११.४. मधले दीड व्होल्ट वायर खात होती. जाऊन-येऊन चौदा मीटर, दीड स्क्वेअरची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर जाडीची)! घरातल्या दिव्याला तेवढी पुरते, कारण तिथे २३० व्होल्ट असतात आणि करंट कमी. बारा व्होल्टला तेवढ्याच कामाला करंट जवळपास वीसपट लागतो, आणि फ्रीजला वाटतं बॅटरी संपत आली. मडगावहून सहा स्क्वेअरची वायर आणली, वायरच्या टोकांचे थिंबल नीट दाबून घेतले, फ्यूज बॅटरीशेजारी लावला. खर्च एक सिलिंडर भरण्याइतका. फ्रीज अजून तोच आहे. नवरा हा विषय निघाला की खिडकीबाहेर बघतो.

आता गाडीचं ऐका. खावडा ते धोलावीरा रस्ता रणाच्या मधून जातो, दोन्ही बाजूंना पांढरं मीठ. आम्ही हौसेने गाडी खाली उतरवून फोटो काढले आणि खालून धुवायचं विसरलो. पंधरा दिवसांनी भुजमध्ये सकाळी चावी फिरवली तर नुसतं टक. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, स्टार्टर ढिम्म. नवरा नव्या स्टार्टरची किंमत शोधायला बसला. कोपऱ्यावरचा ऑटो इलेक्ट्रिशियन आला, विशीतला पोरगा, पायात स्लिपर. त्याने एक जंपर केबल घेतली, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनाच्या लोखंडाला. "मारो सेल्फ." पहिल्या झटक्यात सुरू. इंजिन आणि चासी जोडणारी अर्थिंगची पट्टी मिठाने आतून हिरवी होऊन गळून आली होती. नवी पट्टी, दोन्ही जागा पॉलिश पेपरने घासून वर ग्रीस, १५० रुपये. त्याआधी महिनाभर आतल्या पाण्याच्या गिझरचा एक सेन्सर कुरिअरने येतोय, येतोय म्हणून आम्ही थंड पाण्याने अंघोळ करत होतो. हिशेब समजला ना?

राजस्थानात फलोदीच्या अलीकडे मागचा डावा पाटा, म्हणजे चाकावरची पट्ट्यांची स्प्रिंग, तुटला. मेन पाटाच. वेल्डिंग करून निघता येईल का, असं मी विचारलं, तर पाटेवाला हसला. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या पोलादाचं पाणी उतरतं आणि पाटा पुढे तिथेच तुटतो, म्हणून नवाच घालायचा. त्याने तो तीन तासांत घातला, पण खरं काम त्याने जाता जाता केलं. म्हणाला, समोर वजनकाटा आहे, गाडी एकदा चढवा. ट्रकच्या रांगेत उभं राहून वजन केलं, आधी पूर्ण गाडीचं, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून. मागच्या अ‍ॅक्सलवर, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या दांड्यावर, मर्यादेपेक्षा २१० किलो जास्त! कारण १८० लिटरची पाण्याची टाकी वर्कशॉपने अगदी शेपटीला, मागच्या चाकांच्याही पलीकडे बसवली होती. चाकांमागे लोंबणारं वजन मागच्या अ‍ॅक्सलवर स्वतःपेक्षा जास्त भार टाकतं आणि पुढचा हलका करतं. तेव्हापासून टाकी साठ लिटरच भरतो, जड सामान ड्रायव्हरच्या मागे. स्टिअरिंगसुद्धा सुधारलं. घर बांधून झाल्या दिवशीच काट्यावर न्यायला हवं होतं. कोणीही व्हॅन ताब्यात घेत असेल तर टाकी भरून, कपडे-भांडी टाकून आधी काट्यावर न्या, मग उरलेले पैसे द्या.

लडाखबद्दल भीती होती ती इंजिनाची. टांडीच्या पंपावर ती प्रसिद्ध पाटी, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, दोन कॅन डिझेल घेतलं, मनाली सोडण्याआधी ब्रेक ऑइल बदललं होतं. हे बदलणं लोक टाळतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट-४ प्रकारचं ऑइल कोरडं असताना २३० अंशांच्या वर उकळतं, पाणी मुरलं की ही किमान हद्द १५५ वर येते. उतारावर सतत ब्रेक दाबून ते उकळलं की पेडल पोकळ होतं, ब्रेक लागत नाही. आम्ही मनाली-लेह रस्त्यावरच्या गाटा लूप्सची एकवीस वळणं दुसऱ्या गिअरमध्ये चढलो आणि येताना दुसऱ्यातच उतरलो. गाडीने हू की चू केलं नाही.

रडवलं घराने. सरचूला, जूनच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी सात वाजता लख्ख ऊन, छतावर ४०० वॉटचे पॅनेल आणि चार्जिंग शून्य. मी वायर हलवल्या, फ्यूज तपासले, कंट्रोलर बंद करून चालू केला. शेवटी बॅटरीला हात लावला तेव्हा ट्यूब पेटली. लिथियम फॉस्फेट बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर आत धातूचं लिथियम साचून ती कायमची खराब होते, म्हणून तिच्यातला बीएमएस, म्हणजे बॅटरीची राखण करणारं सर्किट, चार्जिंगच अडवतो. तो बिचारा आपलं काम चोख करत होता. चूक इतकीच की बॅटरीची पेटी गाडीखाली, चासीला, उघड्या वाऱ्यात टांगलेली. गरम पाण्याच्या पिशव्या शेकायला ठेवल्या, दीड तासाने करंट आला. लेहमध्ये एका वेल्डरने ती पेटी काढून दिली आणि बॅटरी आता पलंगाखाली झोपते, आमच्याच उबेत.

डिझेल हीटरने त्याच दिवसांत काजळी धरली. उंचीवर हवा विरळ, पंप मात्र डिझेल सांगलीच्याच मापाने टाकतो, म्हणजे जळण अर्धवट. पांढरा धूर, मग बंद. डिझेल पेटवणारा ग्लो प्लग काढून त्याची जाळी पेट्रोल आणि टूथब्रशने साफ केली, पंपाचे ठोके कमी केले, आणि मंद आचेवर तासन्‌तास ठेवणं सोडलं. मंद आचेवरच काजळी जास्त धरते. शेजारी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे. तो नसता तर मी हीटर लावून झोपलेच नसते.

एक गोष्ट मात्र घराने छान शिकवली. पाण्याचा पंप रात्री सगळे नळ बंद असताना मधूनच अर्धा सेकंद गुरगुरला, की कुठेतरी जोड पाझरतोय. हादऱ्यांनी पाइपच्या क्लिपा ढिल्या होतातच. टॉर्च घेऊन टिश्यू पेपर एकेका जोडावरून फिरवायचा. जिथे ओला होतो तिथे पाना. उदयपूरला मी असा जोड रात्री दोन वाजता पकडला, कपाटातल्या फरशीचा प्लायवूड फुगायच्या आधी.

पुढच्या वेळी गिझर जाणार, चुलीवर बादली येणार. ते बारीक टचस्क्रीनवालं कंट्रोल पॅनेलही जाणार, त्याजागी साधी बटणं आणि ट्रकच्या दुकानात मिळणारे फ्यूज. टाकी दोन चाकांच्या मधे सरकवायचं काम कुपवाडच्या वेल्डरला दिलंय. त्याने गाडीखाली वाकून बघितलं आणि विचारलं, "वहिनी, ही इतकी मागं लावली कुणी?"